फुटका कोसा

सरकारी कागदावर मी व्रणोपचारक,
ओसरीत रांग धरून बसलेल्यांना पट्टीवाला.
दर गुरुवारी, बाजाराच्या दिवशी,
बुधाबाई नान्हे डावा पाय बाकावर ठेवते
आणि भिंतीवरल्या लसीकरणाच्या तक्त्याकडे बघत बसते.
घोट्याच्या वर, आतल्या अंगाला,
नऊ वर्षांची जखम.
जन्मभर बांधीच्या चिखलात रोवणं केलेला पाय,
शीर फुगते, कातडी काळवंडते,
मग एक दिवस जळू चिकटल्याएवढं काहीतरी होतं
आणि भरत नाही.

धान भरतं, बोडी भरते, जखमही भरते.
तिघांना एकच क्रियापद आपलं,
आणि भरायचं तर तळापासून.

तिनं काय काय नाही घातलं त्यात:
हळद, चुन्याची निवळी, टायरची राख,
मेडिकलवाल्यानं दिलेली पिवळी पावडर.
सगळ्यांचं म्हणणं एकच, सुकव.
मीही सुकवतच होतो.
वाळून चिकटलेला गॉज ओढला की
पापुद्र्याएवढी नवी कातडी
दर वेळी माझ्या चिमट्यात यायची.
नऊ वर्षं तिचं आठवड्याचं पीक
मीच कापून नेलं.

यंदा नागपूरहून चाचणीचं खोकं आलं.
तिच्या वाट्याला सात पाकिटं. आत मऊ, पारदर्शक चकती,
पेजेवर धरलेल्या सायीसारखी.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ओली राहू द्या,
वरून घट्ट पट्टी, बोटांपासून गुडघ्यापर्यंत,
आणि सात दिवस विसरून जा.
मला विसरणं कोणी शिकवलं नव्हतं.

'कायची हाय जी?'
'कोशाची. कोसा उकळून, धागा विरघळवून.'

बुधाबाईनं पाय मागे घेतला.

मग बोलली, पायाशीच बोलल्यासारखी.
घरधनी ऐनाच्या रानात चार-चार महिने अळ्या राखायचा,
पाखरांवर गोफण, मुंग्यांवर डोळा.
ती भाकर रानाच्या कडेला, दगडावर ठेवून परत फिरायची.
'बाईची सावली पडली तं अळी गळते म्हनत.
चाळीस वर्सं कोसा हाती नाही धरला मी.
हाटात नेला तं डोक्यावर टोपली, टोपलीवर फडकं.'

चिमट्यात चकती लोंबत होती.
तिनं विचारलं, 'आतला जीव मेला असंल ना?'

मी म्हटलं, हा फुटका कोसा.
पाखरू भोक पाडून उडून गेलं की मागे राहतो तो.
धागा तुटका, त्याला भाव नाही,
इथे चालतो, इथे तसंही पाणीच करतात त्याचं.

पाकिटावर असं काही लिहिलेलं नव्हतं.

तिनं पाय पुढे केला.

सात गुरुवार. प्लास्टिकच्या सात कागदांवर
पेनानं उतरवून घेतलेला जखमेचा काठ, कोपऱ्यात तारीख.
एकावर एक ठेवून खिडकीत धरले:
चैत्रातली बोडी काठ सोडत आत आत जाते
तशा रेघा.
फक्त इथे उघडी पडलेली जमीन
गुलाबी.

आठव्या गुरुवारी पाकिटं संपली.
तांदळाच्या कणीएवढं उरलंय अजून.
पुन्हा गॉज, पण आता भिजवून, हळू.
पुढचं खोकं कधी येणार ते
वर विचारलं तर वरचे त्यांच्या वर विचारतात.

परवा ती आली, सोमवारी, पट्टीचा दिवस नसताना.
ओट्यातून एक कोसा काढला,
करडा, सुपारीहून मोठा, टोकाला भोक.
'पोराच्या मांगं मांगं ऐनात गेली होती,' म्हणाली.
'काई नाही गळलं.'
थोडं थांबून,
'तुमच्या कामी येते का पाहा.'

ती गेल्यावर मी भोकाला डोळा लावला.
आत अंधार, आणि वाळलेली कात.
नागपूरच्या रिकाम्या खोक्यात तो ठेवला,
आणि सवयीनं
खोक्याच्या कोपऱ्यात तारीख घातली.